घरी कोण कोण असतं?

दवाखाना बंद करणार असल्याचं आमच्या डॉक्टरांनी मला स्वतःच सांगितलं. रक्तदाब मोजून झाला होता आणि ते यंत्राचा पट्टा गुंडाळत होते.

"या महिनाअखेर बंद."

"का हो?"

"हात थरथरतो. इंजेक्शन देणाऱ्याचा थरथरून चालत नाही."

"मग आम्ही कुणाकडे जायचं?"

"शोधा. धडधाकट आहात तोवर शोधा. आजारी पडलात की निवडायला वेळ मिळत नाही, जो मिळेल तो घ्यावा लागतो."

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीपासून त्यांचा दवाखाना चालत सात मिनिटांवर. एकतीस वर्षं आम्ही दुसऱ्या कुणाकडे गेलो नव्हतो. माझी मुलगी तिथल्याच गोळ्या खाऊन मोठी झाली. बायकोला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला तेव्हा हॉस्पिटल वेगळं होतं, पण घरी शनिवारी संध्याकाळी हेच यायचे. तिच्याजवळ बसायचे, नाडी बघायचे, कधी काहीच न बोलता चहा घेऊन जायचे. चार महिन्यांत ती गेली. त्यालाही दोन वर्षं झाली होती.

निघताना त्यांनी कपाटातून आमचं कार्ड काढून दिलं. जाड पिवळट कागद. पुढच्या बाजूला माझ्या नोंदी, मागच्या बाजूला तिच्या. मी ते शर्टाच्या खिशात घातलं आणि घरी आल्यावर टेबलाच्या खणात ठेवून दिलं.

मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. आयुष्यभर कालव्यांचे नकाशे काढले. कामाला पद्धत असावी असं मला वाटतं, म्हणून डॉक्टर शोधायचं कामही पद्धतशीर करायचं ठरवलं. घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरातले दवाखाने एका कागदावर लिहून काढले. नऊ झाले. त्यातले दोन प्रत्यक्षात त्वचेचे आणि केसांचे निघाले. एका ठिकाणी फक्त लहान मुलं. एका ठिकाणी डॉक्टर सकाळी साडेदहाला येतात असं लिहिलेलं होतं, आणि पावणेबारापर्यंत बसलेल्या आम्हा सहा जणांपैकी कुणालाच त्याचं आश्चर्य वाटत नव्हतं. पाचव्या ठिकाणी गर्दी नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

"तसं काही होत नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. आमचे डॉक्टर निवृत्त झाले, म्हणून म्हटलं, ओळख करून घ्यावी."

आता त्यांनी मान वर केली. "काही होत असेल तेव्हा या."

मी उठलो. त्यांचंही चूक नव्हतं. बाहेर तीन माणसं येऊन बसली होती आणि त्यातल्या एकाला खोकल्याची ढास लागली होती. उरलेल्या चार दवाखान्यांकडे मी गेलोच नाही. तो कागद बरेच दिवस फ्रिजवर चुंबकाखाली होता.

मुलगी बंगळुरूला असते. तिला हे कळलं तेव्हा तिने दोन दिवसांत एका अॅपची वर्षाची मेंबरशिप घेऊन टाकली. तिच्या कंपनीतल्या बऱ्याच जणांनी आईवडिलांसाठी घेतली होती. "बाबा, कुठे जायचं नाही, रांग नाही. बटण दाबलं की डॉक्टर समोर. रक्तसुद्धा घरी येऊन नेतात." तिने फोनवरून मला सगळं शिकवलं. मीही शिकलो. कॅमेरा कुठे धरायचा, माझा चेहरा खिडकीच्या उजेडात कसा येईल, हे मला लगेच जमलं.

पहिल्या डॉक्टरने सगळं विचारलं. वय, वजन, झोप, घराण्यात कुणाला काय. मग विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "ओह, सॉरी. कशाने गेल्या?" मी सांगितलं. महिन्याभराने गोळी संपत आली तेव्हा दुसरे डॉक्टर होते. त्यांनीही विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी एक अगदी तरुण मुलगी होती. तिने विचारलं, मी सांगितलं, आणि तिचे डोळे पाणावल्यासारखे दिसले, की पडद्यावरच तसं वाटलं, कोण जाणे. मग तिलाच धीर द्यावा लागला. फोन बंद केल्यावर मी अर्धा तास तसाच खुर्चीत बसून राहिलो. रडू आलं नाही. फक्त दमलो होतो. खात्यात एकच अर्ज चार टेबलांवर चार वेळा लिहून द्यावा लागायचा, तेव्हाही असाच शीण यायचा.

त्यानंतर पायांना सूज यायला लागली. सकाळी काही नसायचं. दुपारनंतर मोज्याचा काठ घोट्याच्या वर रुतायचा. मी पुन्हा बटण दाबलं. चौथे डॉक्टर, चाळिशीचे, आवाज शांत. सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं, काका?"

"मी आणि मिसेस."

असं का म्हणालो ते मला त्या क्षणीही सांगता आलं नसतं. ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं, आणि गेल्यावर इतकं हलकं वाटलं की मी ते मागे घेतलं नाही.

"छान. औषधं वेळेवर होतात ना?"

"ती बघते सगळं."

"मग त्यांना जरा बोलवा. नडगीवर अंगठ्याने दाबून धरायला सांगा. पाच आकडे मोजायचे. बोट काढल्यावर खड्डा राहतो का, ते मला सांगा."

मी फोन टेबलावर उभा केला, तो जरा वळवला, आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणालो, "अगं, इकडे येतेस का?" मग खाली वाकून माझ्याच नडगीवर माझा अंगठा दाबला. पाच मोजले. खड्डा राहिला. "राहतोय म्हणतेय," मी सांगितलं.

त्यांनी लघवीची आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. मूत्रपिंडं ठीक आहेत का ते बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी रक्त नेलं, तिसऱ्या दिवशी अहवाल आला. सगळं ठीक. अहवाल समजावून सांगायला या वेळी एक डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या होत्या, हे चांगलंच म्हणायला हवं.

"काका, औषधं काकू बघतात असं लिहिलंय. दोन मिनिटं त्यांना फोन द्या. गोळ्यांच्या पट्ट्या मला कॅमेऱ्यासमोर दाखवू देत. सूज एखाद्या गोळीचीही असू शकते."

"ती भाजी आणायला गेलीय."

"कधीपर्यंत येतील?"

"तासाभरात."

"मग मी स्वतः फोन करते पुन्हा."

त्यांनी केला. तासाभराने केला, मी घेतला नाही. पुन्हा वीस मिनिटांनी केला. फोन टेबलावर थरथरत होता आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होतो, शाळेत न गेलेल्या पोरासारखा. तिसऱ्यांदा वाजून थांबला, मग संदेश आला. मी फोन पालथा घातला.

मेंबरशिप मुलीच्या नावावर होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी फोन घेत नाही म्हटल्यावर त्यांनी तिला फोन लावला. सहाच्या सुमारास तिचा आला.

"बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

"आहे की."

"त्या डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही फोन उचलत नाही, पायाला सूज आहे." ती थांबली. "आणि त्या विचारत होत्या, आई बाजारातून आली का."

मी खिडकीपाशी गेलो. खाली सोसायटीच्या फाटकात कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती एकदाची सुरू झाली.

"तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काही नाही. म्हटलं, मी बाबांशी बोलते."

मग मी तिला सगळं सांगितलं. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तोच प्रश्न. दर वेळी मीच तिच्या आईला मारतोय असं वाटतं, हेही सांगितलं. एरवी मी असलं काही मुलीशी बोलणारा माणूस नाही. ती रागावेल असं वाटलं होतं, किंवा घाबरेल. दोन्ही झालं नाही.

"ऑफिसात दर वर्षी विम्याचा फॉर्म भरावा लागतो," ती म्हणाली. "आईवडिलांच्या रकान्यात दोघांची नावं आधीच आलेली असतात. मी अजून तिचं खोडलेलं नाही. दोन्ही वर्षं तसाच पुढे पाठवला."

"ते चुकीचं आहे," मी म्हणालो. सवयीने.

"हो, आणि तुमचं बरोबर आहे." तिचं हे बोलणं अगदी आईसारखं. मला हसू आलं, तीही हसली. मग म्हणाली, "मी येऊ का दोन दिवस?"

"पाय सुजलेत, मेलो नाही."

"बरं. मग चालत जाता येईल असा कुणीतरी शोधा. एकच माणूस. त्याला एकदा सांगा आणि संपवा."

दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या दुकानात गेलो. तिथला दुकानदार माझ्या गोळ्या चिठ्ठी न बघता काढून देतो. त्यालाच विचारलं, तू आजारी पडलास की कुणाकडे जातोस?

"मी कुठला आजारी पडतोय," तो म्हणाला. "आईला नेतो. कर्वेनगरला एक बाई आहेत. जुनी बँक आहे ना, तिच्या मागच्या गल्लीत. पण काका, तोंडाने तिखट आहेत हां. नंतर मला बोलू नका."

कर्वेनगर चालत पंचवीस मिनिटं. सूज आलेल्या पायांनी चाळीस लागली. बसायच्या खोलीत आठ खुर्च्या आणि भिंतीवर पाटी: 'मोबाईलवर बोलायचे असल्यास बाहेर जावे. परत आल्यावर नंबर शेवटचा.' माझा नंबर लागायला दीड तास गेला. आत गेलो तेव्हा पिवळं कार्ड बरोबर घेतलं होतं.

डॉक्टर पंचेचाळीसच्या आसपासच्या. त्यांनी आधी पाय बघितले. खाली वाकून घोटा हातात धरला, अंगठा दाबला, सोडला, दुसरा पाय बघितला. मग गोळ्यांची पट्टी मागितली आणि ती हातात घेऊनच विचारलं, "घरी कोण असतं?"

"कोणी नाही. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली."

"कशाने?"

मी कार्ड उलटं करून त्यांच्यासमोर ठेवलं. मागची बाजू. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, घाई न करता. आमच्या डॉक्टरांचं अक्षर वाचायला सोपं नव्हतं. शेवटच्या ओळीवर त्या जरा थांबल्या आणि कार्ड परत सुलटं केलं.

"स्वयंपाक कोण करतं?"

"डबा येतो. रात्री खिचडी करतो, नाहीतर दूध-पोळी."

"डब्याबरोबर लोणचं?"

"असतं."

"ते बंद. आणि ही गोळी बदलतेय. काहींना हिने पाय सुजतात. कार्डावर डोस कमी आहे, वाढवला कुणी?"

"अॅपवरच्या डॉक्टरांनी. पहिल्या."

त्यांनी फोनवरचे अहवाल आणि नोंदी बघायला मागितल्या. मला वाटलं, आता त्या अॅपवाल्यांना नावं ठेवणार. तसं काही झालं नाही. "तपासण्या योग्य सांगितल्यात," त्या म्हणाल्या. मग नोंद वाचता वाचता एके ठिकाणी थांबल्या. "पत्नी औषधांकडे लक्ष देतात, असं लिहिलंय इथे."

"मी खोटं सांगितलं होतं. मग अहवाल सांगणाऱ्या बाईंनी परत फोन केला, तो घेतला नाही."

"डॉक्टरशी खोटं बोललात की डोस चुकतो," त्या म्हणाल्या. "उद्या अशक्त वाटून पडलात, तर मी धरून चालीन की घरात कुणीतरी आहे." आणि प्रिस्क्रिप्शन लिहायला लागल्या. त्यात ना सांत्वन होतं ना राग. मला वाटतं, मला तेवढंच पेलणार होतं. जाताना म्हणाल्या, "परत फोन करणाऱ्या त्या बाईंना कळवा. त्यांनी गोळीचं बरोबर ओळखलं होतं. वाट बघत असतील."

मी कळवलं. अॅपवर लिहायची सोय असते, तिथे सगळं लिहिलं. माझी पत्नी हयात नाही, चुकीची माहिती दिल्याबद्दल क्षमस्व, गोळी बदलली आहे, आपला अंदाज बरोबर होता. उत्तर आलं ते दुसऱ्याच कुणाचं. आपला संदेश मिळाला, आपण आमच्या सेवेबद्दल किती समाधानी आहात, आणि खाली पाच तारे. त्या बाईंपर्यंत ते पोचलं की नाही, मला कळलेलं नाही.

सूज दहा दिवसांत उतरली. मेंबरशिप अजून चालू आहे. मुलगी म्हणते, असू दे, कधी अडीअडचणीला. परवा रविवारी सर्दी झाली तेव्हा मी वापरली. सहावे डॉक्टर होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मी "एकटाच" म्हणालो, आणि ते पुढच्या प्रश्नाकडे गेले.

कर्वेनगरला महिन्यातून एकदा जातो. बाईंनी मला अजून चेहऱ्याने ओळखलेलं नाही. नाव सांगितल्यावर कार्ड काढतात आणि मगच बोलायला लागतात. त्याला वर्ष-दोन वर्षं लागतील. बाहेर माझ्याआधी सहा-सात जण असतात. मी आता बरोबर पाण्याची बाटली नेतो आणि पंख्याखालची खुर्ची धरतो.