गोमाकाकांची नजर

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. आणि आता सांगायला बसले तरी आधी वेलीबद्दलच बोलावंसं वाटतंय — बघा, टाळाटाळ अजून चालूच आहे.

सत्तर सालच्या आसपास आम्ही खाडीकाठी, नवघरला राहायचो. मी एम.एस्सी. करत होते. परसातल्या भोपळ्याच्या वेलीला तारा लावून कॉलेजातून मागून आणलेल्या मीटरला जोडल्या होत्या. शेजारचे गोमाकाका, ताडी काढणारे, कुंपणाशी उभे होते. मी ब्लेडने एक पान कापलं. क्षण गेला, दोन गेले — आणि हातभर लांबच्या पानाला जोडलेला मीटरचा काटा हलला. वेलीला कळलं होतं! ना मेंदू, ना मज्जातंतू, तरी विजेचा निरोप इथून तिथे पोचला होता. माझ्या अंगावर शहारा आला. काकांना मात्र नवल वाटलं नाही. कोयता लावण्याआधी आपण झाडाला हात लावून सांगतो ते उगाच नाही, म्हणाले.

मग एक तार मी घावाशी नेली. काका रोज येऊ लागले. घाव सुकत गेला तसा काटा हळूहळू शून्याकडे परतला. आम्ही दोघं नुसते बघत बसायचो. देवळातही मी इतकी गप्प कधी बसले नव्हते.

पुढच्या आठवड्यात आमचे सर आले. मी नवं पान कापलं. काटा ढिम्म. खाडीच्या खाऱ्या हवेने तार गंजली असेल — पण ते मला नंतर सुचलं. सर हसले. आधीही तारच हलली असणार, म्हणाले. तेव्हा काका पुढे झाले.

"हलला व्हता, साहेब. मी सोता बघितलाय. बाय, सांग ना."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. काय अवघड होतं हो म्हणायला? वही हातातच होती, सगळं लिहिलेलं होतं. मी ती मिटली.

"नाही, काका. तुम्हाला भास झाला."

ते चिडले नाहीत. चिडायला हवे होते. त्यांनी डोळे चोळले.

"मंग माजी नजरच धड न्हाय."

नजर धड नसलेला माणूस ताडावर चढत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोयता पुतण्याला देऊन टाकला. माझ्या शब्दावर — शिकलेल्या पोरीच्या.

पुढे कितीतरी वर्षं ते ओट्यावर बसून समोरच्या ताडांवर ताडीसाठी टांगलेली मडकी मोठ्याने मोजायचे. मीही मोजायचे, आतून, खिडकीतून. त्यांचं एकही मडकं कधी चुकलं नाही.