टरेट प्रेस आणि दुसरी सही

१७ नोव्हेंबर, रविवार. बेसमेंटमधल्या नव्या बेंचला भोकं पाडायची होती. काम वीस मिनिटांचं. ड्रिल चार्ज केलेलं, दुकानदाराने दिलेला कागदाचा साचा टेपने चिकटवलेला, बोल्ट एका वाटीत काढून ठेवलेले. तरी नऊपासून अकरापर्यंत मी एकही भोक पाडलं नाही.

कारण प्रेस दोन होते. एक खाली जुन्या टॉवेलवर ठेवलेला: काकांचा, ओतीव लोखंडाचा, मुठीपाशी रंग उडालेला. दुसरा खोक्यात, शनिवारी विकत आणलेला. बेंचचा पाय जिथे भक्कम आहे असा कोपरा एकच, आणि दोघांची भोकं वेगवेगळ्या जागी. नवा सोमवार संध्याकाळपर्यंत परत करता येणार होता, पण बोल्टचा ओरखडा दिसला तर नाही.

मी घरी काडतुसं भरते. उडवलेली पितळी पुंगळी फेकून न देता साफ करायची, दाबून पुन्हा मापात आणायची, तिच्या बुडाला नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, लावायची, दारू मोजून ओतायची आणि वर नवी गोळी बसवायची. प्रेस म्हणजे हे दाबायचं आणि बसवायचं काम करणारं लांब दांड्याचं यंत्र. माझ्याकडे परीक्षा देऊन मिळवलेलं लायसन्स आहे, रायफल कुलपात असते, आणि आजवर मी कागदाशिवाय कशालाही गोळी घातलेली नाही. हे सगळं आधीच सांगते, कारण मराठी माणसाला ‘मी काडतुसं भरते’ म्हटलं की तो खुर्ची मागे सरकवतो.

खुर्ची पुढे सरकवणारे एकच निघाले, ते काका. म्हणजे नात्याने कोणी नव्हेत. विलायतेतल्या नव्हे, इथल्याच लंडनमध्ये चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ होते, मग निवृत्त आणि विधुर. मंडळाच्या दिवाळीत मी पुऱ्यांच्या रांगेत एकटी उभी होते. घटस्फोटाला वर्ष झालं होतं आणि माझ्याशी काय बोलावं हे जोडप्यांना समजत नव्हतं. काकांनी विचारलं, “तू काय करतेस गं?”

“हॉस्पिटल फार्मसीत आहे.”

“म्हणजे मोजमाप येतं. हात कापतो का?”

“नाही.”

“मग शनिवारी चल माझ्याबरोबर, टार्गेट शूटिंगला. इथे पुरी खाऊन कोणाचं भलं झालंय?”

त्याला आता सात वर्षं झाली. शनिवारी गावाबाहेरची रेंज, रविवारी अकरा वाजता त्यांच्या बेसमेंटमध्ये भरणी. त्यांचा प्रेस सिंगल-स्टेज होता, म्हणजे एका वेळी एकच डाय (पुंगळी ज्यात दाबायची तो साचा) बसणारा. पन्नास पुंगळ्या पहिल्या डायमधून काढायच्या, डाय बदलायचा, पुन्हा त्याच पन्नास. एकट्याला कंटाळवाणं, पण दोघांना बेतशीर. दांडा त्यांचा, वजनकाटा माझा. भोकं पाडलेल्या लाकडी फळीवर पन्नास पुंगळ्या उभ्या करून मी दारू ओतायची. मग काका टॉर्च घेऊन एकेका पुंगळीत डोकावायचे. एखादीत दोनदा पडली असेल तर रायफल हातात फुटू शकते, अजिबात पडली नसेल तर गोळी नळीत अडकू शकते. ते “ओके” म्हणाले की मगच वर गोळ्या बसवायच्या. शेवटी डब्यावर लेबल, लेबलवर तारीख आणि दोन सह्या. हा नियम त्यांनी ऑपरेशन थिएटरमधून आणला होता आणि मला तो फार्मसीतून पाठच होता. आमच्याकडे एकाच माणसाने दोन सह्या केल्या तर ती सही एकच धरतात.

गेल्या दोन वर्षांत त्यांचं एकेक कमी होत गेलं. आधी रेंजवर नेम धरणं बंद, खांदा दुखतो म्हणून. मग गाडी चालवणं बंद, विंटर टायर्स बदलायचा कंटाळा म्हणून. टॉर्च धरताना ते मान तिरकी करायचे. मानेचं दुखणं असेल म्हणून मी मलमही आणून दिलं होतं. सप्टेंबरात त्यांच्या मुलीने घर विकायला काढलं आणि त्यांना नॉर्थ यॉर्कला, आपल्या अठराव्या मजल्यावरच्या काँडोत नेलं. जाताना त्यांनी प्रेस माझ्या गाडीच्या डिकीत ठेवायला लावला. “वापर. गंजू देऊ नकोस,” म्हणाले. बाकी काही बोलणं झालं नाही. मूव्हर्स दारात उभे होते.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मी पहिल्यांदा एकटीने पन्नास काडतुसं भरली. दारू ओतून होत आली तेव्हा वर ड्रायर वाजला. वर जाऊन कपडे काढले, खाली आले, राहिलेल्या पुंगळ्यांत दारू ओतली, गोळ्या बसवल्या, डबा बंद केला. लेबल लिहिताना समोर खिळ्याला टांगलेला टॉर्च दिसला. मी तो काढलाच नव्हता. सात वर्षांत टॉर्च माझं काम कधी नव्हतंच, त्यामुळे हात तिकडे गेलाच नाही. त्या डब्यावर लाल मार्करने फुली मारली आणि तो बाजूला ठेवला. महिनाभर त्याच्याकडे बघत होते.

म्हणून टरेट. याच्या डोक्यावर गोल चकती असते, तिच्यात चारही डाय एकदाच बसवून ठेवायचे. पुंगळी एका जागी, चकती वर फिरत राहते. एका बैठकीत एक काडतूस पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरं होतं. फळी नाही, पन्नास पुंगळ्यांची रांग नाही. दुकानात तीन होते. एकाची चकती वरच्या बाजूला किंचित डुलत होती, तो नको म्हटलं. एक सहा डायचा, मला सहाची गरज नाही. तिसऱ्याचा दांडा मी दहा वेळा ओढून बघितला. चकती दर ओढीला आपली आपण फिरत होती.

“नवऱ्याला गिफ्ट?” काउंटरवरच्या माणसाने इंग्रजीत विचारलं.

“नवरा विनिपेगला असतो, त्याच्या दुसऱ्या बायकोकडे. हा मला हवाय.”

तो एकदम व्यवस्थित बोलायला लागला. “उत्तम निवड, मॅम. एकट्याने काम करणाऱ्यासाठी याच्याइतकं सोयीचं काही नाही.”

तो खरंच सांगत होता, आणि तेवढ्यासाठीच खोकं घरी आणून मी उघडलं नव्हतं. सिंगल-स्टेज बेंचवर बसवला असता तर कधीतरी कोणीतरी समोरच्या स्टुलावर येऊन बसेल अशी जागा राहिली असती. टरेटला समोर स्टूल लागत नाही.

अकराला फोन वाजला. काका. नॉर्थ यॉर्कला गेल्यापासून ते दर रविवारी त्याच वेळेला करतात.

“काय गं फार्मसी, भोकं पाडलीस का?”

“नाही अजून.”

“का? ड्रिलला सुटी आहे?”

“विचार करतेय. तुमचाच बसवावा म्हणते. टरेट परत करीन.”

“आणि फळीवर कोण बघणार?”

“मीच.”

“म्हणजे कोणी नाही.” मग म्हणाले, “काय झालंय? खरं सांग.”

मी ऑक्टोबरचं सांगितलं. ड्रायर, टॉर्च, फुली मारलेला डबा. ते ओरडतील असं वाटलं होतं. माझ्या जागी विद्यार्थी असता तर मीही ओरडले असते.

“डबा ठेवलास ना बाजूला? मग तू चूक पकडलीस. पुढे?”

“पुढे हेच की तुमची सवय होती. तुम्ही बघायचात म्हणून मी निश्चिंत ओतायचे.”

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

“ऐक. मला डोळ्याच्या मधोमध डाग आहे. मॅक्युलाचं दुखणं. तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं.”

“माहीत आहे. तुमच्या मुलीने सांगितलं सप्टेंबरात.”

“सप्टेंबरचं नाही गं. दोन वर्षं झाली. गेला अख्खा हिवाळा मला पुंगळीचा तळ दिसत नव्हता.”

“म्हणजे?”

“म्हणजे टॉर्च फिरवत होतो. मान वाकडी करून कडेने काही दिसतंय का बघायचो. नाही दिसायचं. ओके म्हणायचो.”

मी स्टुलावर बसले. गेल्या हिवाळ्यातली दोनशेच्या वर काडतुसं मी उडवली होती, बंदुकीला गाल लावून, जिथे काडतूस फुटतं तिथून डोळा वीतभर अंतरावर ठेवून.

“काका, तुम्ही डॉक्टर आहात.”

“होतो.”

“मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर रविवारी आली असतीस?”

“आले असते.”

“दोन-तीन रविवार. मग मिठाई घेऊन दिवाळीला.” त्यांचा आवाज चढला नाही. “तुझं काम चोख असतं हे ठाऊक होतं. त्याच्यावर रेटलं मी. चूक ती चूक. टरेट घे. एकेक पुंगळी तुझ्या नाकासमोर येते, वर दिवा लाव आणि दारू पडली की प्रत्येकीत बघ. चकती आपोआप फिरवणारी दांडी काढून टाक, हाताने फिरव. मशीनने तुझ्यासाठी थांबायचं.”

“ते एकट्याचं मशीन आहे.”

“मग तू किती जणी आहेस, बाई? आणि मी काय इथे हॉलिडेला आलोय, परत यायला?”

मी फोन ठेवला. ‘ठेवते’ असं न म्हणता ठेवला. मग अंगणातली पानं गोळा केली, आठवड्याची डाळ शिजवली, इस्त्री केली. दिवसभर कोणाशी बोलले नाही. तसं रविवारी काकांशिवाय मी कोणाशी बोलतच नाही.

राग होता, आणि तो खरा होता. फार्मसीत एखाद्याने न बघता सही केली तर मी त्याला कामावरून काढायला सांगितलं असतं आणि रात्री शांत झोपले असते. इस्त्री करताना आठवलं की मान वाकडी होते हे मी दोन वर्षं बघत होते. खांदा, टायर्स, मान, सगळं पटत गेलं होतं मला. विचारलं असतं तर कदाचित उत्तर मिळालं असतं. मी मलम नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी माझी दुपारची पाळी होती. सकाळी साडेसातला खाली गेले आणि कपाटातून गेल्या हिवाळ्यातले उरलेले तीन डबे काढले, दोन सह्यांचे. चौथा लाल फुलीचा. काडतूस उघडायला हातोडीसारखं एक अवजार असतं. त्यात काडतूस अडकवायचं आणि हातोडी लाकडावर जोरात आपटायची, की गोळी आणि दारू आत सुटून पडते. पहिल्यातली दारू काट्यावर ठेवली. बरोबर. दुसरी. बरोबर. बाराव्यानंतर हात थांबवला आणि काकांना फोन लावला. मी आपणहून कधी करत नाही. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

“काय फोडतेस?”

“कशावरून?”

“सकाळी आठला तू काय भजन म्हणायला फोन करणारेस?”

“तुमच्या सहीचे डबे. बारा काडतुसं उघडली. बारा बरोबर.”

“मग बाकीची कशाला उघडतेस? सगळी बरोबरच निघणार.”

“ती अजून कोणी बघितलेली नाहीत.”

मी फोन स्पीकरवर टाकून बेंचच्या टोकाला ठेवला आणि हातोडी आपटली.

“तेरा,” काका म्हणाले.

मी वजन वाचलं. पुन्हा आपटली.

“चौदा. ही नीट लागली नाही. आवाज बसका होता.”

खरंच गोळी अर्धीच सुटली होती. पुन्हा आपटली.

“हां. चौदा.”

दहापर्यंत चारही डबे संपले. चूक एक निघाली, लाल फुलीच्या डब्यात: एक पुंगळी रिकामी, आत दारूचा कणही नाही. ड्रायर वाजला त्या वेळची असणार. मी तसं सांगितलं. काका म्हणाले, “लिहून ठेव,” आणि त्यांच्या औषधांची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

मी वहीत लिहिलं आणि खाली सही केली. एकच. मग खोकं उघडलं, साचा पुन्हा एकदा कोपऱ्याशी जुळवून बघितला आणि बेंचला तीन भोकं पाडली.