फुलीची बाजू

काकांनी धामणीच्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने फुली मारलीय. ती बाजू वरच राहायला हवी, नाहीतर आतलं पिल्लू गुदमरतं. शाळेत फुली म्हणजे चूक, एवढं कळलं आणि माझी शाळा कायमची सुटली. माझ्या गावापासून इतक्या लांब या सर्पमित्र काकांनी मला घरात घेतलं, म्हणून डब्यातली ही अंडी मी जिवापाड जपतो.

आज आणखी एकावर बुरशी आली.

“काका, काढू?”

“नको रे, शेजारच्याला चिकटलंय. ओढलंस तर तेही फाटेल.”

“जेवायला ये,” काकू हसल्या. “तू थोडाच उबवतोयस!”

मला डब्यापासून हलवत नाही. शेजारच्या अंड्यानं मेलेल्याला चिकटून राहायचं आणि कूसही बदलायची नाही. परक्या घरात मीही असाच अंग आखडून असतो. झाकण लावताना पुन्हा पाहतो. बुरशीला खेटून त्या जिवंत अंड्याची फुली अजून वर आहे.