उकळलेला दात

मरोद्याच्या कामगार वसाहतीतील आमच्या रांगेत शेवटचे घर अंजनाबाईंचे. त्यांचे यजमान नत्थूजी भंडाऱ्याकडची शेती सोडून पोलाद कारखान्यात आले, तेथूनच निवृत्त झाले आणि पुढे वारले. मीही त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. आता दवाखान्याच्या फेऱ्यांत अंजनाबाईंची सोबत करणे हे माझे काम.

फेऱ्या चंदनसाठी. हा त्यांचा एकुलता मुलगा मोटारसायकलवरून पडला, मज्जारज्जू दुखावला आणि कमरेखाली काही कळेनासे झाले. सून ममता जुनवानीला एका शाळेत शिकवते. त्यामुळे चंदनला उचलणे, कुशीवर वळवणे, त्याच्या पायांना तेल लावणे हे सारे अंजनाबाईंकडे. दुपारी आडवे होणे त्यांनी केव्हाच सोडले होते.

एके दिवशी ममताच्या मोबाइलवर त्यांनी ऐकले की, दुधाच्या दाताच्या आतल्या गरातील मूलपेशींपासून चेतापेशी तयार करतात. त्या थेट माझ्याकडे आल्या.

"खरं हाय का जी, भाऊजी?"

"प्रयोग खरे आहेत. औषध झाल्याचे मात्र ऐकिवात नाही," मी म्हणालो.

त्यांनी पहिले वाक्य तेवढे घरी नेले.

नात गुंजन हिचा दात त्याच आठवड्यात पडला. रिवाजाप्रमाणे तो पत्र्यावर फेकून उंदीरमामाकडे नवा मागायचा. गुंजनने हात उगारला होता; आजीने तिची मूठ धरली. पण तोंडातून पडलेली उष्टी वस्तू मुलाच्या अंगात तशीच कशी जाऊ द्यायची? अंजनाबाईंनी तो दात मीठ-हळदीच्या पाण्यात उकळला, उन्हात वाळवला आणि कापसात गुंडाळून कुंकवाच्या कोऱ्या करंड्यात ठेवला.

तो करंडा घेऊन आम्ही रायपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी तो उघडला आणि हळूच विचारले, "अम्मा, इसे उबाला था क्या?"

मग त्यांनी शांतपणे समजावले. दात दुधाचा असो की अक्कलदाढ, आतला गर जिवंत हवा. त्यासाठी ताजा दात ठरावीक द्रवात ठेवून आणावा लागतो. शिवाय हे अजून संशोधन आहे; चंदनला देता येईल असा उपचार आज नाही.

"नहीं उबालती तो?"

"तो भी नहीं, अम्मा."

परतीच्या बसमध्ये अंजनाबाईंनी करंडा पदरात गुंडाळला. मग म्हणाल्या, "मन राखाले बोलली ती. मीच शिजवले जी माह्या लेकराचे पाय."

त्यानंतर त्यांची रात्रीचीही झोप गेली. गुंजनचा दुसरा दात हलू लागला, तशा त्या जेवताना तिच्या तोंडाकडेच पाहत. दात ताजा राहावा म्हणून दुधाचा पेला तयार असे. पोरगी आजीसमोर हसेनाशी झाली.

रविवारी बोर खाताना तो दात निघाला. गुंजनने तो आजीला न देता बापाच्या हातात दिला. मी त्याच्या चाकाच्या खुर्चीशेजारीच बसलो होतो.

"काकाजी, खुर्ची जरा अंगणात घ्या," चंदन म्हणाला.

मागोमाग अंजनाबाई पेला घेऊन आल्या. "कावून रे? दे इकडं."

"आई, न उकळता नेला असता तर? काय सांगतलं डॉक्टरीणबाईनं?"

त्या पेल्यात पाहत राहिल्या. "तरी नाही, म्हणे."

"मंग? तू काही शिजवलं नाही. गाडीवरून मी पडलो."

"अन् उद्या औषध निघालं तर?"

"तर माह्या अकलेच्या दाढा हायेत ना! डॉक्टरले ताज्या काढाले लावू. तुह्या हाती मात्र देत नाही, तू फोडणी देशीन."

अंजनाबाईंना हसू आले, आणि ते आवरता आवरता डोळे भरले. चंदनने दात गुंजनच्या हातावर ठेवला. तिने फेकला, तो पत्र्यावर खडखडत गेला आणि कुठेसा अडकला.

अंजनाबाईंनी दुधाचा पेला नातीला दिला. "थोडी पडतो जी, भाऊजी," असे म्हणून त्या ओसरीतल्या बाजेवर आडव्या झाल्या. तेलाची वाटी उशाशी तशीच राहिली. ममता बाजारातून आली, तिने हात धुतले आणि ती वाटी आवाज न करता उचलून चंदनच्या पायांशी बसली. दिवेलागण झाली तरी आम्ही अंजनाबाईंना उठवले नाही.