पाठीवरचं पाणी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत पाणी इकडून तिकडे नेण्याचा जेवढा विचार माझ्या साडूंनी केला आहे, तेवढा इथली धरणं बांधणाऱ्यांनीही केला नसावा. धरणवाल्यांना पाणी फक्त न्यायचं होतं. साडूंना ते घेऊन पळायचं होतं.

साडू बोरी बुद्रुकचे. घरची शेती, ओतूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतली नोकरी, आणि रविवारी सकाळी जुन्नरहून घोडेगावपर्यंत पळणं. परतीला एसटी. पन्नाशीत हे वेड लागलं आणि पाठोपाठ मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, वाटेत पाणी पिणार असाल तरच पळा. माझ्या मेव्हणीने ते अधिक स्पष्ट केलं. "आता परत सलाईन लागलं ना, तर बूट कालव्यात सोडीन." ती बोलल्याप्रमाणे करते, हे साडूंना माहीत होतं.

बाटली हातात धरून पाहिली, तर एक खांदा खाली आला आणि ते रस्ता सोडून बांधाकडे जाऊ लागले. जुन्नरच्या शिंप्याकडून कमरेचा पट्टा शिवून घेतला. त्यात चार बाटल्या बसल्या, पण त्यांच्या वजनाने पँट उतरू लागली. पळणाऱ्यांची तयार पिशवी मागवली, तर पाठीवर सारखं कुणीतरी चूळ भरतंय असं वाटे. मग आदल्या दिवशी वाटेवरच्या झुडपांत भरलेल्या बाटल्या लपवून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या सापडल्या त्या वस्तीतल्या अंगणांत, नीळ घातलेल्या, कुत्री येऊ नयेत म्हणून दारापुढे मांडलेल्या.

"वस्तीवर पाणी मागून प्यायला काय होतं?" मी विचारलं.

"पावणं, पाण्यामागनं चहा येतो, चहामागनं पोरीचं स्थळ. मी पळायला जातो का सोयरीक जमवायला?"

विनोद खरा होता, पण पुरतं कारण नव्हतं. कुणाकडे काही मागणं त्यांना आयुष्यात जमलेलं नाही.

शेवटी त्यांनी पाठीवरचा फवारणी पंप आणला. लहान, बॅटरीवर चालणारा, औषधाचा थेंबही न लागलेला. फवाऱ्याची दांडी काढून नळी खांद्यावरून तोंडाशी घेतली. बटण दाबलं की पाणी. मेव्हणीने साक्षीदार म्हणून मला मोटारसायकलवर मागे पाठवलं. जुन्नर सुटेपर्यंत रस्त्यावरच्या दोघांनी हटकलं. "भाऊ, एवढी काय घाई? अळी पळून चालली का?" साडू हसले नाहीत. पाणी मात्र वेळेवर पीत होते, आणि माझ्या मते प्रश्न सुटला होता.

निम्मी वाट सरली तेव्हा ते दम खायला एका कांद्याच्या वावराच्या बांधावर बसले. मी रस्त्यावर गाडी लावत होतो. पाठीवर पंप, नळी तोंडात, डोळे मिटलेले. वावरात खुरपणारी एक म्हातारी उठली आणि तिच्या वयाला न शोभेल अशा वेगाने धावत आली. तिने नळी ओढून काढली.

"सोड. सोड म्हणते ना."

"आजी, पाणी हाय वो."

"माझ्या धाकट्यानं बी पानीच हाय म्हनून सांगितलं व्हतं."

साडूंनी पंप उतरवून तिच्यापुढे ठेवला. तिने झाकण फिरवलं, वास घेतला, तरी सगळा पंप बांधावर उलटा केला. पाणी मातीत जिरेपर्यंत ती बघत राहिली. मग बांधाला लागूनच असलेल्या आपल्या घरातून तांब्या आणला. साडू तो एका दमात प्यायले. तिने दुसरा आणला.

"तहान लागली तर मागावं माणसानं," ती म्हणाली. "त्यात कसली लाज?"

त्यानंतर साडू रिकाम्या हातांनी पळू लागले. त्या दारात थांबायचं, पाणी प्यायचं, चहाही घ्यायचा. मागावं कधी लागलं नाही, म्हातारी तांब्या घेऊन उभी असे. पंप बोरीच्या गोठ्यात टांगलेला आहे. त्याने फवारणी करू द्यायला साडू तयार नाहीत.

गेल्या महिन्यात मी पुन्हा मोटारसायकलवर मागे होतो. त्या दाराला कुलूप होतं. म्हातारीला लेकीने मंचरला नेल्याचं नंतर कळलं. साडूंनी कुलूप एकदा हातात धरून पाहिलं. मी गाडीला अडकवलेल्या पिशवीतून बाटली काढली, तर हातानेच नको म्हणाले. मग ते शेजारच्या घरापुढे गेले. बूट काढले, घसा साफ केला, आणि शाळेत पहिल्यांदा नाव सांगणाऱ्या पोरासारखे म्हणाले, "ताई, थोडं पाणी मिळंल का?"