मामाच्या सोफ्यावरची मुलाखत

स्क्रीनवर पांढरा सोफा दिसला आणि मी खुर्चीत सरळच झाले. हे प्राचीचं घर नव्हतंच! मागे फिशटँक, त्यात सोनेरी मासे. कोळ्याच्या पोरीच्या मागे फिशटँक!

परदेशी स्कॉलरशिपसाठी मुलांना तयार करणं, हे माझं वाशीतलं काम. प्राची दिवाळे गावातली, नुकतीच बारावी झालेली. तिची स्कॉलरशिप कल्चरल एक्स्चेंजची होती. म्हणजे वर्षभर तिकडच्या एका कुटुंबात राहायचं, तिथल्या कॉलेजात शिकायचं आणि आपलं जगणं त्यांनाही दाखवायचं. वडिलांसोबत जाळी विणण्यावर तिने असा निबंध लिहिला होता, की पॅनेल एकदम खूश. शेवटची पायरी होम इंटरव्ह्यू: घरच्यांसोबत, राहत्या घरातून व्हिडिओ कॉल. मी कॉलवर होते, पण काउन्सेलरने फक्त ऐकायचं, असा नियम.

पॅनेलच्या बाईंनी हसत इंग्रजीत विचारलं, "जाळी कुठे ठेवता? दाखव ना."

प्राचीने वडिलांकडे पाहिलं. ते ब्लेझरमध्ये घामाघूम. "वुई बिझनेस," एवढंच म्हणाले.

"बरं, घरी तू काय काय शिकलीस?"

"केक," प्राची पुटपुटली.

बाईंचं हसू गेलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि आभार मानले.

कॉल संपताच मी वडिलांना फोन लावला. "दादा, हे कुणाचं घर?"

"मेवन्याचा फ्लॅट हाय, करंजाड्याला. आमच्या घरात सुकटीचा वास मारतो, मॅडम. परदेशी मान्सं ती, नाकं मुरडली असती."

"अहो, व्हिडिओवर वास जातो का?" मी ओरडलेच.

 पलीकडून प्राचीचं रडणं ऐकू आलं.

मी पॅनेलला मेल केला, खऱ्या घराचे फोटो पाठवले, गयावया केली. उत्तर त्रोटक आलं: निबंधातलं घर आणि दिसलेलं घर जुळत नाही, मुलाखत पुन्हा होत नाही. निबंध दुसऱ्याच कुणीतरी लिहून दिला, असं त्यांनी धरलं. पोरीने मनापासून लिहिलेलं खोटं ठरलं. राग तरी कुणावर काढू? बापाने लेकीला कमीपणा येऊ नये म्हणूनच सगळं केलं होतं.

आता पालकांना मी आधीच बजावते, घर आवरू नका. ते माना डोलावतात आणि जाऊन नवे पडदे लावतात.

प्राची तुर्भ्याच्या एका कॉल सेंटरला लागली. परदेशी गिऱ्हाइकांशी दिवसभर बोलते. तिथे तिला नाव दिलंय, पॅम. कुठून बोलतेस, असं कुणी विचारलं तर सांगायचं नाही, असं ट्रेनिंगमध्येच शिकवलंय.