नलिनीबाईंची हरकत

नलिनीबाईंचं सूर्यनारायणाशी जुनं ठरलेलं होतं. त्यानं शेजारच्या रुद्रम्माच्या घराच्या उगवतीकडच्या टोकावरून वर यायचं, बाईंनी अंगणातून तांब्याभर पाणी सोडायचं, आणि मगच चूल पेटायची. दुबलगुंडीहून या कन्नड-मराठी सीमेवरच्या गावात लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षं यात खंड नव्हता. त्यांचे यजमान मुकुंदराव मास्तर त्यामुळे सकाळी आधी आभाळाकडे बघत. ढग आले की चहा लांबला.

१९७४ च्या माघात रुद्रम्माच्या दारात विटा पडल्या.

"काय गं, काय बांधायलीस?"

"वरती खोली, अक्का. लेकाचं लग्न हाय की."

"कुठल्या अंगाला?"

रुद्रम्मानं बोट केलं. थेट उगवतीला! म्हणजे सूर्य दिसायला दहा वाजणार, चूल त्यानंतर, आणि मास्तर उपाशीच शाळेत.

रुद्रम्माशी कशाला भांडायचं? तिला परवानगी देणाऱ्यांना विचारायला हवं. बाई पदर खोचून मुन्सिपाल्टीत शिरल्या आणि ओव्हरसियर भीमण्णासमोर उभ्या राहिल्या.

"शेजाऱ्याला न विचारता परवानगी दिलीच कशी?"

"नोटीस लावलेली हाय की, बाई. तीस दिवस. तुमच्याच भिंतीला! हरकत आली न्हाई."

"माझ्या भिंतीला? चल, दाखव!"

भीमण्णा फाईल बगलेत मारून निघाला. गल्लीतनं जाताना मागं पंधरा माणसं जमली, त्यात रुद्रम्माही. गोठ्याच्या भिंतीपाशी येऊन तो थबकलाच. भिंत दिसेल तर ना! वरपासून खालपर्यंत गोवऱ्याच गोवऱ्या, आणि एकेकीवर बाईंची पाच बोटं.

"इथंच हुती," म्हणत त्यानं गोवऱ्या काढायला सुरुवात केली. सातवी निघाली ती कागद घेऊनच. शिक्का, तारीख, सगळं जागच्या जागी.

"मी म्हटलं इलेक्शनचा कागद असंल," बाई पुटपुटल्या.

"लोकं अंगठा देतेत, बाईंनी पंजा दिलाय!" भीमण्णा ओरडला. रुद्रम्मा हसता हसता मातीतच बसली. बाईंनाही हसू आवरेना, पण त्या कसल्या सोडतात!

"दारात माणसं असताना नोटीस गोठ्याला कामून चिकटवलास? म्हशीची हरकत पाहिजे होती व्हय?"

"तिनं बी घेतली न्हाई, बाई."

एवढ्यात शाळेतून परतलेल्या मास्तरांनी फाईल ओढून नकाशा पाहिला. "रुद्रम्मा, तुझ्या दारात विहीर कधी आली?"

"माझ्या? विहीर? कुठली वो, मास्तर!"

भीमण्णा कान खाजवू लागला. "हावगेप्पाच्या घराचा नकाशा झकास जमला हुता. तवापासून समद्यांना त्योच देतो."

रुद्रम्मा ताडकन उठली. "म्हणून व्हय? मला खोली मावळतीलाच पायजे हुती! तुमी उगवतीला बांध म्हटलात, मी म्हटलं कायदाच तसा असंल!"

आता तक्रार करणाऱ्या दोघी झाल्या. बाईंनी भीमण्णाला ओट्यावर बसवलं, ताक पाजलं, आणि मग तो नवा नकाशा काढत असताना एकीनं एका कानाशी, दुसरीनं दुसऱ्या कानाशी बोलणं चालू ठेवलं. "जिना सरळ काढ." "खिडकी इसरलास बघ." बिचाऱ्यानं तीनदा खोडलं. नव्या अर्जाची नोटीस आली तेव्हा मास्तरांनी ती ओसरीवर मोठ्यानं वाचली, कन्नडमध्येही आणि मराठीतही. बाईंनी तिथल्या तिथं हरकत नसल्याची सही केली.

वैशाखात रुद्रम्माच्या घरी सून आली. खोली मावळतीला, उगवतीला मोकळी गच्ची. तिथं उभं राहिलं की सूर्य खालच्या अंगणापेक्षा जरा आधी दिसतो, हे रुद्रम्माला पहिल्याच दिवशी कळलं. तेव्हापासून रोज तिची हाक ठरलेली.

"अक्का, निघाला बघ!"

"तू बघून काय उपेग? मला दिसू दे की!" तांब्या धरून अवघडलेल्या बाई खालून ओरडायच्या.

आणि ओसरीतून मास्तर म्हणायचे, "रुद्रम्मा, हात धरून जरा वर ओढ त्याला!"